लढायांच्या दंतकथा: कुठं टोकावं, कुठं ऐकून घ्यावं

शिवजयंतीच्या व्याख्यानात वक्ते रंगात येऊन सांगतात की तानाजी मालुसऱ्यांनी घोरपडीला दोर बांधला आणि कोंढाण्याचा कडा चढले. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून तेच ऐकून येते. रविवारी सिंहगडावर गेलात, तर वाटाड्या कड्याकडं बोट करून तेच सांगतो. या घोरपडीला समकालीन पुरावा नाही, असं तुम्ही कुठंतरी वाचलेलं असतं. आता बोलावं की नाही? बोललं तर चारचौघांत भावना दुखावल्याचा ठपका येतो. गप्प बसलं तर आपणही चुकीच्या गोष्टीला मान डोलावली, हे मनाला लागून राहतं. अडचण घोरपडीपुरती नाही. पानिपत, भीमा कोरेगाव, १९७१ चं युद्ध, कुठल्याही लढाईचा विषय निघाला की ती उभी राहते आणि वाचक ती पुन्हा पुन्हा विचारतात.

दिसेल त्याला टोका, हा सल्ला चुकीचा आहे आणि ‘जाऊ द्या हो, कशाला वाईटपणा’ हाही चुकीचा. ठरवण्यासाठी एक कसोटी वापरून पाहा. गोष्ट किती खोटी आहे हे मोजत बसू नका. ती कुणाचा वाटा खाते ते बघा. प्रत्येक लढाईत कुणाचे तरी कष्ट, कुणाचं तरी रक्त, कुणाची तरी अक्कल खर्ची पडलेली असते. काही दंतकथा ते श्रेय उचलून भलत्याच्याच पदरात टाकतात, तर काही पराभवाचं खापर नको त्याच्या डोक्यावर फोडतात. तसं होत असेल तर बोललंच पाहिजे. तसं काही होत नसेल, तर गोष्ट गोष्ट म्हणून ऐकायला काहीच हरकत नाही.

घोरपडीनं कुणाचा वाटा खाल्ला?

१६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांकडं गेले, त्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो परत घेतला गेला. त्या रात्रीचं जवळच्या काळातलं वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. सभासद हा महाराजांच्या कारकिर्दीत वावरलेला माणूस. बखर त्यानं १६९० च्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. त्याच्या वर्णनात घोरपड नाही. रात्रीच्या अंधारात निवडक मावळे माकडं चढावीत तसे चपळाईनं कडा चढतात आणि त्यांच्या मागून तीनशे माणसं वर जातात. तानाजी आणि किल्लेदार उदेभान समोरासमोर लढून दोघंही पडतात. सरदार पडल्यावर माणसं पांगायची, पण तानाजीचा भाऊ सूर्याजी त्यांना सावरतो आणि गड ताब्यात घेतो. मग गडावरच्या पागेला आग लावून उजेड केला जातो आणि तो उजेड महाराजांना राजगडावरून दिसतो. घोरपड भेटते ती पोवाड्यात, तुळशीदास शाहिराच्या. पोवाड्याचं काम ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणण्याचं. ते त्यानं चोख केलं आहे, त्याबद्दल शाहिराला बोल लावायचं कारण नाही.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो मनापासूनचा असतो: या गोष्टींनी पोरांच्या अंगात बळ येतं, मग त्या मोडायच्या कशाला? आक्षेप घेणाऱ्यांनी दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून पाहावीत. घोरपडीच्या गोष्टीत सगळ्यांत अवघड काम जनावर करतं; माणसं मागून दोराला धरून येतात. सभासदाच्या वर्णनात ते काम माणसांची बोटं आणि पावलं करतात. सह्याद्रीच्या कड्याकपारींत वाढलेल्या माणसाला कडा कसा वाचायचा ते कळतं. ते कसब पिढ्यान्पिढ्यांचं असतं आणि हातापायांना लागलेलं असतं. शत्रूला जी बाजू अशक्य वाटते तीच निवडायची, तीही रात्री, यात सेनानायकाची बुद्धी दिसते. घोरपड आली की हे सगळं नाहीसं होतं. सूर्याजीचंही तसंच. कितीजण त्याचं नाव सांगतात? पडलेल्या सरदाराच्या माणसांना पुन्हा उभं करणं हे युद्धातलं फार मोठं काम आहे आणि गोष्ट रंगवताना तेच मागं पडतं. म्हणून घोरपडीबद्दल बोलावं. बोलताना गोष्ट काढून घेऊन मुलाच्या हातात पोकळी ठेवू नये, तीनशे मावळे ठेवावेत.

कुणाचाच वाटा जात नसेल तर ऐकून घ्या

याच कथेत आणखी दोन गोष्टी आहेत. आधी कोंढाण्याचं लग्न, मग रायबाचं, हे मुलाचं लग्न ठरलेल्या तानाजीच्या तोंडचं बोलणं पोवाड्याच्या परंपरेतून आलं आहे. ते तो बोलला याचा कागद दाखवता येणार नाही. पण त्यानं कुणाचं काय गेलं? घरचं कार्य बाजूला ठेवून मोहिमेवर निघणारी माणसं त्या काळात होतीच. ऐकणाऱ्याला कर्तव्याची जाण मिळते आणि दुसऱ्या कुणाचं श्रेय हिरावलं जात नाही. हे सोडून द्यावं.

दुसरी गोष्ट नावाची. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण सगळे शिकलो. सिंहगड हे नाव १६६३ सालच्या पत्रातही आढळतं, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी. ‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्य घराघरांत पोचवण्यात हरि नारायण आपट्यांच्या १९०३ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीचा वाटा मोठा. सभासदाच्या बखरीत महाराजांचा शोक वेगळा आहे. तिथं सिंह नाही. एक गड मिळाला आणि एक गड गेला, असा त्याचा आशय आहे. म्हणजे तानाजी हाच गमावलेला गड. गडांवर ज्यांचं राज्य उभं होतं, त्या राजाच्या तोंडी ही तुलना जास्त वजनाची वाटते. तरीही जेवणाच्या ताटावर कुणी सिंहाचं वाक्य म्हटलं तर लगेच दुरुस्तीला धावू नये. कुणाला जाणून घ्यायची इच्छा दिसली, तर सभासदाचा गड जरूर सांगावा.

पानिपत मकर संक्रांतीच्या दिवशी झालं म्हणून ‘संक्रांत कोसळली’ असं म्हणतात, हाही याच जातीचा समज. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, पौष शुद्ध अष्टमीला. संक्रांत १४ जानेवारीला येते हे आपल्या काळापुरतं खरं. ती हळूहळू पुढं सरकत आली आहे. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती, स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी आधीच्या तारखेला असणार, म्हणजे लढाईच्या दिवसापर्यंत संक्रांत होऊन गेलेली होती. आठवी-नववीच्या मुलाला हा हिशेब सांगा, त्याला मजा येईल. हळदीकुंकवाला आलेल्या काकूंना त्यावरून अडवू नका.

कुठं गप्प बसू नये

पुढच्या परिस्थितींत भिडस्तपणा बाजूला ठेवावा.

- गोष्टीतून आजच्या एखाद्या जातीवर, धर्मावर किंवा घराण्यावर फितुरीचा, भेकडपणाचा शिक्का बसत असेल.
- मजकूर छापला जाणार असेल: स्मरणिका, फलक, पाठ्यपुस्तक, वक्तृत्व स्पर्धेचं भाषण. बोललेलं विरून जातं, छापलेलं दहा वर्षांनी पुरावा म्हणून पुढं येतं.
- गोष्टीच्या जोरावर पैसे गोळा होत असतील, किंवा एखादी तलवार, दांडपट्टा ‘अमक्या लढाईतला’ म्हणून विकला जात असेल.

यांतली पहिली परिस्थिती सगळ्यांत महत्त्वाची. पानिपतबद्दल सर्रास ऐकू येतं की ती दोन धर्मांची लढाई होती, आणि त्या वाक्याचा शेवट आजच्या शेजाऱ्याच्या निष्ठेवर शंका घेण्यात होतो. रणांगणावर कोण कुठं उभं होतं ते सांगा. मराठ्यांच्या बाजूला तोफा आणि कवायती पायदळ घेऊन इब्राहिमखान गारदी होता. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर त्या दिवशी जखमी झाला आणि त्याच जखमांनी पुढं वारला. अफगाण बादशहा अब्दालीच्या बाजूला अवधचा नवाब शुजाउद्दौला होता आणि शुजाच्या फौजेत अनुपगीर गोसावी होता. याच शुजाच्या पदरी काशीराज नावाचा दक्षिणी ब्राह्मण नोकरीला होता. लढाईचं फारसीतलं महत्त्वाचं वर्णन त्यानंच लिहून ठेवलं. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते, त्यांना राणेखान नावाच्या पखाल्यानं वाचवलं, अशी पक्की परंपरा आहे. महादजींनी त्याला पुढं भाऊ मानलं आणि फौजेत मोठं पद दिलं. पानिपत हे धर्मयुद्ध होतं असं म्हणणारा माणूस इब्राहिमखानाचं मरण आणि राणेखानाची पखाल दोन्ही पुसून टाकतो. तिथं गप्प बसणं म्हणजे त्या पुसण्याला मदत करणं.

‘पानिपतावर मराठे संपले’ हेही असंच. घरातली मोठी माणसं हे वाक्य हळहळीनं म्हणतात, त्यात वाईट हेतू नसतो. पण वाटा कुणाचा जातो बघा: सोळाव्या वर्षी पेशवेपद अंगावर पडून अकरा वर्षांत राज्य सावरणाऱ्या थोरल्या माधवरावांचा, आणि लंगडत्या पायानं उत्तरेत परत गेलेल्या महादजींचा. पानिपतनंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली घेतली. १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलम त्यांच्याच संरक्षणात राजधानीत परतला. पराभवाच्या गोष्टीला हा पुढचा भाग जोडला, तर आजोबाही आनंदानं ऐकतील.

टोकण्याआधी स्वतःचं ज्ञान तपासा

दुरुस्ती करणाऱ्यांची एक मोठी चूक असते. एक दंतकथा खोटी निघाली की त्यांना सगळ्याच गोष्टी खोट्या वाटू लागतात. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजरांसोबत फक्त सहा जण बहलोलखानाच्या फौजेवर गेले, ही गोष्ट कुसुमाग्रजांच्या कवितेमुळं सगळ्यांना माहीत आहे. कवितेतली म्हणून ती कल्पित असणार, असं अनेक सुशिक्षित माणसं ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात फेब्रुवारी १६७४ च्या या घटनेनंतर थोड्याच आठवड्यांत, इंग्रज कंपनीच्या कामावर असलेल्या नारायण शेणव्यानं रायगडाहून मुंबईला पत्र लिहिलं. प्रतापराव दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत सहा स्वारांसह मारले गेले आणि मागून कुमक आली नाही, असं त्यात आहे. पत्र कंपनीच्या दप्तरातलं, म्हणजे महाराजांचं कौतुक करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. सात हा आकडा पक्का आहे. सहा जणांची नावं मात्र त्या पत्रात नाहीत. ती नावं कुणी ठामपणे सांगितली तर जरूर आधार विचारा, सात वीरांना हात लावू नका.

त्याहून कडू उदाहरण आपल्या काळातलं आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला इथं १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीनं मेजर शैतानसिंगांच्या हाताखाली चिनी फौजेशी अखेरपर्यंत झुंज दिली; सुमारे १२० जणांपैकी ११४ मारले गेले. वाचलेल्या मूठभर जवानांनी परत येऊन जे सांगितलं त्यावर सुरुवातीला विश्वास बसला नाही. अतिशयोक्ती वाटली. पुढच्या वर्षी बर्फ हटल्यावर मोर्च्यांत मृतदेह सापडले. अनेकांच्या हातांत शस्त्रं तशीच होती. ज्यांनी हे भोगलं त्यांना खोटं ठरवण्याची घाई किती वाईट असते, हे दुरुस्ती करायला निघालेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

म्हणून आधी गोष्टीचं मूळ कुठल्या प्रकारच्या साधनात आहे ते शोधा. त्या वेळची पत्रं, तह, हिशेब हे सगळ्यांत भरवशाचे. त्यानंतर जेधे शकावलीसारख्या तारीखवार नोंदी. मग बखरी, त्यांतही सभासदाची जवळच्या काळातली आणि एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या बऱ्याच उशिराच्या, हा फरक मोठा आहे. पोवाडे, कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे यांचा क्रम सगळ्यांत शेवटी. त्यांचा मान वेगळा आहे, पण घटना सिद्ध करायला ते चालत नाहीत. राजवाड्यांनी संपादित केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आणि ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामासाठी उभं आहे.

आणि एक भेद मनाशी पक्का करा: ‘पुरावा नाही’ हे एक विधान, ‘खोटं आहे’ हे दुसरं. साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं आली. त्यांच्या पेटीवर कोरलेला मजकूर जवळून वाचण्यासारखा आहे. शिवाजीनं ज्या वाघनखानं मोगल सरदाराला मारलं ते हे, आणि साताऱ्याला रेसिडेंट असताना ते जेम्स ग्रँट डफला मिळालं, असा त्याचा आशय. पण १० नोव्हेंबर १६५९ ला मारला गेलेला अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हता. म्हणजे पेटीवर कोरणाऱ्याला ही मूळ गोष्टच नीट माहीत नव्हती. महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं लंडनच्या संग्रहालयानंही सांगितलं आहे. यावरून ‘ती खोटी आहेत’ असं म्हणायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. ‘ती तीच आहेत हे सिद्ध झालेलं नाही’ एवढंच म्हणता येतं आणि एवढंच म्हणावं. दर्शनाला रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा हात महाराजांच्या आठवणीला जोडलेला असतो. तो खाली ओढायचं कारण नाही.

बोलायचं कसं

चारचौघांत वक्त्याला उभं राहून अडवू नका. भाषण संपल्यावर गाठा. सिंहगडावरच्या वाटाड्याचं पोट त्या गोष्टीवर चालतं. त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याला तोंडघशी पाडलंत तर तो तुमचं कधीच ऐकणार नाही. गड उतरताना त्याला पागेच्या आगीची आणि राजगडाची गोष्ट सांगा. ती त्याच्या उपयोगाची आहे, कारण गडावरून बोट करून दाखवता येते. पुढच्या खेपेला तो ती स्वतःहून सांगण्याची शक्यता बरीच आहे.

सुरुवात प्रश्नानं करा, पण प्रश्न खरोखर माहिती घेण्यासाठी असावा, पकडण्यासाठी नसावा. माणूस पाहून वाक्य बदलतं:

- वडीलधाऱ्यांना: “काका, हे तुम्ही कुठं ऐकलंत? मला सभासदात वेगळं सापडलं, दाखवू का?”
- शिक्षकांना, वर्गाबाहेर: “सर, मुलांना तीनशे मावळ्यांचा भाग सांगितला तर कसं होईल? उतारा आणून देते.”
- मंडळाच्या कार्यकर्त्याला: “दादा, स्मरणिकेत ९३ हजार सैनिक असं आलंय. युद्धकैदी तेवढे होते, पण त्यांत नागरी माणसंही होती. ‘सुमारे ९३ हजार युद्धकैदी’ असं करूया.”

तिसऱ्या वाक्यात काय केलं आहे ते बघा. १६ डिसेंबर १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीचं मोल तिळभरही कमी झालं नाही, मजकूर बिनचूक झाला आणि दुरुस्ती लिहूनही दिली. दुरुस्त वाक्य तयार करून देणं हा यातला सगळ्यांत उपयोगी भाग आहे. नुसतं ‘हे चूक आहे’ म्हणून निघून गेलात, तर मजकूर छापखान्यात तसाच जातो.

मुलांच्या परीक्षेबाबत पालक हमखास विचारतात. उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकात आहे तेच लिहायला सांगा. गुणांसाठी मुलाला वादात ढकलू नका. घरी मात्र मूळ उतारा वाचून दाखवा. दोन्हींतला फरक मुलांना कळतो.

सगळ्यांत अवघड जागा

दुसरा आक्षेप असा, की ज्यांच्याकडं पुस्तकं आणि व्यासपीठं आहेत तेच कायम इतरांच्या आठवणी दुरुस्त करत आले. हा आक्षेप खरा आहे आणि भीमा कोरेगावच्या बाबतीत तो समोरच उभा राहतो. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची सुमारे आठशे माणसांची तुकडी शिरूरहून पुण्याकडं येताना पेशव्यांच्या प्रचंड फौजेसमोर सापडली. दिवसभर गाव धरून ती लढली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. ‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ हा आकडा सगळीकडं सांगितला जातो. पाचशे हा आकडा पायदळापुरता. त्याशिवाय घोडदळ होतं, मद्रासचे तोफची होते. पेशव्यांची सगळी फौजही एकाच वेळी गावात लढत नव्हती. दुसऱ्या टोकाला, तिथं महार सैनिकांचा काही संबंधच नव्हता, असंही सांगितलं जातं. जयस्तंभावर कोरलेल्या ४९ नावांत २२ नावांच्या शेवटी महारांच्या नावांत येणारं ‘नाक’ आहे, आणि ही नावं दगडात आहेत. दोन्ही विधानांना एकच कसोटी लावा. आकडा सैल असला तरी त्यानं दिवसभर गाव धरून बसलेल्या माणसाचं श्रेय वाढतं, कुणाचं जात नाही. ‘संबंधच नव्हता’ हे वाक्य मात्र दगडावरची नावं खोडून काढतं. आधी टोकायचं ते दुसऱ्याला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले. तेव्हापासून त्या स्तंभाला जो अर्थ आला तो सन्मानाचा आहे, लष्करी हिशेबाचा नाही. त्या दिवशी, त्या रांगेत, फौजेच्या आकड्यांवर वाद घालणं गैर आहे. अभ्यासवर्गात, लेखात, ग्रंथालयात तीच चर्चा खुशाल करा. आणि सुरुवात नेहमी आपल्या बाजूच्या फुगलेल्या आकड्यांपासून करा. स्वतःच्या जातीच्या, गावाच्या, घराण्याच्या गोष्टी ज्यानं कधी तपासल्या नाहीत, त्यानं दुसऱ्याच्या तपासायला जाऊ नये.

‘तुम्ही कोण विचारणारे?’

आधार विचारायला पदवी लागत नाही. निकाल द्यायला मात्र अभ्यास लागतो, तेवढी मर्यादा पाळा. सरकारी फलकावर किंवा पुस्तकात चूक दिसली तर पुढच्या वाटा खुल्या आहेत.

- पाठ्यपुस्तकासाठी पुण्याच्या बालभारतीकडं लेखी कळवा: इयत्ता, पान, ओळ, तुमची हरकत, मूळ साधनाच्या पानाची छायाप्रत आणि सुचवलेलं वाक्य.
- किल्ल्यावरच्या फलकासाठी, तो ज्या खात्यानं लावला त्या खात्याकडं फोटोसह अर्ज करा.
- उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘असं का लिहिलं?’ विचारू नका, ते नाकारलं जाईल. ‘फलकाचा मजकूर ज्या कागदपत्रांच्या आणि मंजुरीच्या आधारे ठरला त्यांच्या प्रती द्याव्यात’ असं मागा.

कायद्याची भीती अनेकांच्या मनात असते. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ गटागटांत वैर पसरवण्याबद्दल आहे आणि कलम २९९ धार्मिक भावना मुद्दाम, दुष्ट हेतूनं दुखावण्याबद्दल. दोन्हींत हेतूला महत्त्व आहे. कलम ३५६ खाली मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, ती कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केली असेल तर. त्यामुळं घराण्यांबद्दल बोलताना विशेषणं टाळा, कागद काय म्हणतो तेवढंच सांगा आणि लिहिलेलं जपून ठेवा. कुणी तक्रारीची धमकी दिलीच, तर वाद वाढवू नका, वकिलाला भेटा.

याचा उपयोग होतो का?

होतो, फक्त वेळ लागतो. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ असं अनेक पिढ्या शिकल्या. जेधे शकावलीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया सापडली, परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी मिळाली आणि जोधपूरकडच्या कुंडलीनंही तिलाच दुजोरा दिला. तीन वेगवेगळ्या ठिकाणची साधनं एकच दिवस सांगत होती. तरी वाद काही दशकं चालला. आज सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला होते, तिथीनं साजरी करणारेही आहेत, आणि महाराजांबद्दलचा आदर यात कुठंही उणावला नाही.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन सिंहगडावर जाल तेव्हा घोरपडीचं नाव काढायचीही गरज नाही. तानाजी कड्याच्या टोकापासून सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि तीनशे माणसं अंधारात इथून वर आली, ते सांगा. सूर्याजीचं नाव घ्या. मग राजगडाची दिशा दाखवा. पेटलेली पाग त्या रात्री तिथून दिसली होती.